शिबिरासाठी कर्ज काढावे काय? अमेरिकेतील मतपत्रिकेवरच्या एका प्रश्नाचा उलगडा

कॅलिफोर्नियातील मतदाराच्या घरी निवडणुकीच्या काही आठवडे आधी टपालाने जाड पुस्तिका येतात. त्यांत राज्याचे प्रश्न असतात, कौंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या विभागाचे) असतात, शाळामंडळाचे असतात आणि कधी कधी एखाद्या लहानशा पाणीपुरवठा विभागाचेही असतात. स्थानिक प्रश्नाचा मजकूर मतपत्रिकेवर जास्तीत जास्त ७५ शब्दांत बसवावा लागतो, आणि प्रश्न कर्जाचा असेल तर त्यापुढे दोनच पर्याय छापलेले असतात: ‘रोखे, होय’ आणि ‘रोखे, नाही’.

समजा, त्या ७५ शब्दांत असे विचारले आहे: कौंटीच्या उद्यानात दिव्यांग मुलांसाठी आणि प्रौढांसाठी निवासी उन्हाळी शिबिर बांधण्याकरिता १ कोटी २० लाख डॉलरचे रोखे काढावेत काय? हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचले आहे आणि त्यातले आकडे हिशेब सोपा जावा म्हणून निवडले आहेत. त्याभोवतीचे कायदे, इतिहास आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत. असा प्रश्न वाचून काही जण ‘मुलांसाठी आहे, नाही कसे म्हणायचे’ असे म्हणतात, तर काही जण ‘पुन्हा कर वाढवायला निघाले’ असे म्हणतात. दोघांनाही आपापल्या परीने कारणे आहेत, पण मतपत्रिकेवर विचारलेले त्याहून बरेच अरुंद असते. या कर्जातून काय बांधता येते आणि काय चालवता येत नाही, हे कळल्याशिवाय त्या ७५ शब्दांचा अर्थ लागत नाही.

रोखा म्हणजे कोणाचे कर्ज?

रोखा म्हणजे कर्जाची विक्रीला काढलेली चिठ्ठी. कौंटी एका बँकेकडे जाऊन एकरकमी कर्ज मागत नाही. ती तेच कर्ज सहसा पाच-पाच हजार डॉलरच्या तुकड्यांत बाजारात विकते, आणि विमा कंपन्या, गुंतवणूक निधी व सामान्य कुटुंबे ते तुकडे घेतात. अशा रोख्यांवर मिळणाऱ्या व्याजाला १९१३ पासून, म्हणजे आजचा केंद्रीय प्राप्तिकर सुरू झाला तेव्हापासून, त्या करातून सूट आहे. त्यामुळे गुंतवणूकदार कमी व्याजावर राजी होतो आणि कौंटीला कर्ज स्वस्त पडते. परतफेडीची हमी मालमत्ता कराची असते: मतदारांनी एकदा होकार दिला की हप्ता भरण्यापुरता जादा कर लावणे हे कौंटीचे बंधनकारक कर्तव्य होते. नंतर निवडून आलेल्यांना शिबिर आवडो वा न आवडो, हप्ता चुकवता येत नाही.

ही पद्धत आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले आणि त्यांवर ७.५९ टक्के व्याज ठरले. फरक एवढाच की ते काढावेत की नाही हे पुणेकरांना मतपत्रिकेवर कोणी विचारले नव्हते. आपल्याकडे असा निर्णय सभागृहाचा आणि शासनाचा असतो. पुणेकरांना विचारले असते तर ती चर्चा ७५ शब्दांत आटोपली नसती, हा भाग निराळा.

आता आपल्या काल्पनिक शिबिराचा हिशेब मांडू. १ कोटी २० लाख डॉलर, व्याज ४ टक्के, मुदत २० वर्षे आणि दरवर्षी सारखा हप्ता असे धरले, तर हप्ता वर्षाला सुमारे ८ लाख ८३ हजार डॉलर येतो. २० वर्षांत एकूण सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलर भरावे लागतात, म्हणजे मुद्दलावर सुमारे ५७ लाख डॉलर व्याज जाते. कौंटीतील सर्व मालमत्तांची करपात्र किंमत मिळून २,००० कोटी डॉलर आहे असे धरले, तर दर एक लाख डॉलर किमतीमागे वर्षाला सुमारे ४ डॉलर ४० सेंट इतका कर बसतो. ५ लाख डॉलर करपात्र किमतीच्या घराला वर्षाला सुमारे २२ डॉलर पडतात. पुस्तिकेत ‘कर दराचे निवेदन’ नावाचे पान असते, तिथे नेमका हाच आकडा शोधायचा असतो; प्रचाराच्या पत्रकांत तो ‘महिन्याला एका कॉफीइतका’ अशा रूपात भेटतो.

या हिशेबात कॅलिफोर्नियाची एक खास गोम आहे. १९७८ च्या ‘प्रॉपोझिशन १३’ या जनमताने घराची करपात्र किंमत खरेदीच्या किमतीला बांधली गेली, आणि त्यानंतर ती वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढू शकते. त्यामुळे एकाच गल्लीत, एकसारख्या दोन घरांपैकी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची करपात्र किंमत ३ लाख डॉलर आणि गेल्या वर्षी घेतलेल्या घराची १५ लाख डॉलर असू शकते. पहिला शेजारी आपल्या शिबिरासाठी वर्षाला १३ डॉलर देईल आणि दुसरा ६६. फ्रीमाँट किंवा सनीव्हेलमध्ये अलीकडे घर घेतलेली मराठी कुटुंबे बहुतेक दुसऱ्या गटात मोडतात. त्यातही ज्यांना अजून नागरिकत्व मिळालेले नाही, त्यांना मत नसते. मंजूर झालेला कर मात्र त्यांच्या बिलावर येतोच, आणि जे भाड्याने राहतात त्यांच्या भाड्यात तो हळूहळू उतरतो.

लोकांना विचारायचे कशासाठी?

कर्ज काढण्यासाठी थेट मतदान घेण्याची ही रीत आदर्शवादातून जन्मलेली नाही. ती दिवाळखोरीतून आली. १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा ईरी कालवा पूर्ण झाला आणि त्याने इतका पैसा मिळवून दिला की इतर राज्यांनीही कालवे, लोहमार्ग आणि बँका यांसाठी भराभर कर्जे काढली. १८३७ च्या आर्थिक संकटानंतर हे सगळे अंगाशी आले. १८४१ आणि १८४२ या वर्षांत पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, इलिनॉय, मिशिगन यांच्यासह आठ राज्ये आणि फ्लोरिडाचा प्रदेश यांनी कर्जाचे हप्ते थकवले. पोळलेल्या लोकांनी मग आपल्या राज्यघटनांतच कुलूप घातले. न्यूयॉर्कच्या १८४६ च्या घटनेने सांगितले की कर्ज एकाच आणि स्पष्टपणे नमूद केलेल्या कामासाठी असावे आणि त्याला लोकांनी मतदानाने मान्यता द्यावी. आजच्या मतपत्रिकेवर ‘अमुक कामासाठी’ हे शब्द येतात ते त्याच परंपरेतून.

ऱ्होड आयलंडचे कुलूप त्याहून जुने आणि जास्त घट्ट आहे. युद्ध किंवा बंडाळी नसताना लोकांच्या स्पष्ट संमतीशिवाय राज्याने ५०,००० डॉलरपेक्षा जास्त कर्ज काढू नये असे ते सांगते, आणि तो आकडा अजून तसाच आहे. आज तेवढ्या रकमेत व्हीलचेअर चढवण्याची सोय असलेली एक नवी व्हॅन जेमतेम येईल. मेन राज्यात आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश पाठिंबा लागतो आणि मग लोकांचे साधे बहुमत. टेक्सासने २०१९ मध्ये शाळांच्या कर्जाच्या प्रश्नावर ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ असे वाक्य छापणे सक्तीचे केले, कराचा दर प्रत्यक्षात वाढणार नसला तरी. हे वाक्य खरे आहे की खोटे यापेक्षा ते मतदाराच्या हाताला किती जड वाटते, याचा विचार करून ते तिथे ठेवले आहे असे माझे मत आहे.

कॅलिफोर्नियात मतांची गणिते दोन आहेत आणि त्यांचा गोंधळ जाणत्या लोकांचाही होतो. राज्याच्या कर्जाला साधे बहुमत पुरते. कौंटी किंवा शहराच्या कर्जाला १८७९ च्या घटनेपासून दोन-तृतीयांश मते लागतात. शाळांसाठी ही अट २००० मध्ये ५५ टक्क्यांवर आली, आणि घरबांधणी व सार्वजनिक सुविधांसाठी ती तशीच खाली आणण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी फेटाळला. आपले शिबिर शाळा नसल्यामुळे त्याला दोन-तृतीयांश लागतील. एक लाख लोकांनी मत दिले तर ६६,६६६ ‘होय’ असूनही ३३,३३४ ‘नाही’ जिंकतात.

या फरकाचा परिणाम पाहायचा असेल तर मुलांच्या रुग्णालयांसाठीची तीन मतदाने पाहावीत, कारण मुलांसाठी काम करणाऱ्या खासगी सेवाभावी संस्थांना सार्वजनिक कर्जातून इमारती मिळण्याचे ते सर्वांत मोठे उदाहरण आहे. २००४ मध्ये ७५ कोटी, २००८ मध्ये ९८ कोटी आणि २०१८ मध्ये १५० कोटी डॉलरचे रोखे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केले, आणि त्यांतला मोठा वाटा आठ खासगी सेवाभावी रुग्णालयांकडे गेला. पहिल्या खेपेला सुमारे ५८ टक्के, दुसऱ्या खेपेला सुमारे ५५ टक्के आणि तिसऱ्या खेपेला ६२ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली. तिन्ही प्रस्ताव जिंकले. हेच आकडे एखाद्या कौंटीच्या प्रश्नाला पडले असते तर तिन्ही हरले असते. २०१८ च्या प्रस्तावाबाबत राज्याच्या विश्लेषकांनी पुस्तिकेत सरळ छापले होते की १५० कोटी मुद्दलावर सुमारे १४० कोटी व्याज जाईल आणि फेडीला ३५ वर्षे लागतील. हे तिन्ही प्रस्ताव ज्या रुग्णालयांना पैसा मिळणार होता त्यांच्याच संघटनेने सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आणले होते. त्यात बेकायदा काही नाही, पण प्रश्न कोणी लिहिला हे पाहून मग उत्तर द्यावे, एवढा शहाणपणा मतदाराने बाळगायला हरकत नाही.

मिस्टी माउंटचा चढ

इमारतीसाठी कर्ज काढणे खरोखर गरजेचे आहे काय, मुले तंबूत राहू शकत नाहीत काय, असा प्रश्न नेहमी निघतो. त्याचे उत्तर मेरीलँडच्या कॅटोक्टिन डोंगरात आहे. १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, केंद्र सरकारने रोजगार योजनेच्या मजुरांकरवी तिथे लाकडी ओंडक्यांच्या खोल्यांची तीन शिबिरे उभारली. पहिल्याचे नाव मिस्टी माउंट. बाल्टिमोरहून अपंग मुलांसाठी काम करणारी एक संस्था १९३७ च्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन तिथे आली आणि तिला लगेच कळले की ही जागा या मुलांची नाही. खोल्या उताराच्या जमिनीवर विखुरलेल्या, एकीकडून दुसरीकडे जायचे तर खडकाळ चढ. कुबड्या आणि पायांना लोखंडी पट्ट्या लावलेल्या मुलांना जेवणघरापर्यंत जाणे हीच दिवसाची मोहीम होत असणार. संस्था दुसऱ्या शिबिरात, ग्रीनटॉपमध्ये, १९३८ पासून जाऊ लागली, कारण तिथली जमीन या मुलांना झेपणारी होती, आणि पुढची अनेक दशके ती तिथेच उन्हाळे घालवत राहिली. डोंगर तोच, पैसा देणारे सरकार तेच, मजूर तेच. फरक जमिनीच्या उताराचा.

तिसऱ्या शिबिराची कथा सगळ्या जगाला ठाऊक आहे, फक्त ते याच कुटुंबातले आहे हे ठाऊक नसते. १९४२ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विश्रांतीसाठी घेतले गेले, आणि रूझवेल्ट स्वतः पोलिओनंतर चाकांची खुर्ची वापरत होते. त्यांनी त्याला शांग्रीला म्हटले; पुढे आयझेनहॉवर यांनी नातवाच्या नावावरून त्याचे नाव कँप डेव्हिड ठेवले.

आजच्या शिबिराच्या बांधकामात पैसा कुठे मुरतो हे न्हाणीघरात उभे राहिले की दिसते. साध्या शिबिरात एका रांगेत सहा नळ आणि वर फवारे असले की काम भागते. इथे उंबरा नसलेली, पाणी एका बाजूला वाहून जाईल इतकीच ढाळ दिलेली फरशी लागते, म्हणजे चाकांची खुर्ची आत जाते आणि मागे घसरत नाही. खुर्ची पूर्ण वळेल एवढी, सुमारे पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. हातात धरता येणारा फवारा आणि पक्के बसवलेले आसन लागते. आणि ज्यांना स्वतः उठता-बसता येत नाही अशा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे कपडे बदलण्यासाठी मोठ्या माणसाच्या मापाचा, खालीवर होणारा बाक लागतो. तो नसेल तर त्या मुलाला जमिनीवर, ओल्या फरशीवर निजवावे लागते. बाहेर एकास बारा या प्रमाणात उतार द्यायचा म्हणजे जोते अर्धा मीटर उंच असेल तर सहा मीटर लांबीचा रॅम्प येतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांचे शरीर घाम गाळून थंड होत नाही, त्यामुळे निजायच्या खोलीतील वातानुकूलन ही चैन उरत नाही. रात्री विजेवरच्या खुर्च्या भारित कराव्या लागतात, कोणाचे श्वसनयंत्र चालू असते, औषधांचा शीतकपाट बंद पडून चालत नाही. म्हणून डोंगरातल्या शिबिराला स्वतःचा जनित्रसंच लागतो. हा सगळा भांडवली खर्च आहे आणि तो दीर्घ मुदतीच्या कर्जातून करणे रास्त आहे, कारण ती फरशी आणि तो रॅम्प वीस वर्षे वापरात राहतात आणि वीस वर्षांनी येणारे मूलही ते वापरते.

पण इथेच कॅलिफोर्नियाची घटना आणखी एक रेघ ओढते. कौंटीने मालमत्ता कराच्या हमीवर काढलेले कर्ज ‘स्थावर मालमत्ता घेणे किंवा सुधारणे’ एवढ्यासाठीच वापरता येते. छताला पक्का बसवलेला, माणूस उचलणारा झोपाळा इमारतीचा भाग म्हणता येतो. तोच चाकांवरचा असेल तर अडचण येते. मुलांना शहरातून आणणारी व्हॅन तर या पैशांतून घेताच येत नाही.

छपराखाली कोण उभे राहणार?

आपल्याकडे महापालिकेच्या अंदाजपत्रकात भांडवली आणि महसुली असे दोन खर्च वेगळे दाखवतात. दवाखान्याची इमारत पहिल्यात, डॉक्टरचा पगार दुसऱ्यात. इमारतीचे उद्घाटन होते, कोनशिला बसते आणि डॉक्टरची जागा रिकामी राहते, हे चित्र महाराष्ट्रातील कोणाही वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. रोख्यांचा पैसा हा पहिल्या खात्याचा पैसा आहे. आणि दिव्यांगांचे शिबिर हे इतर कोणत्याही शिबिरापेक्षा जास्त प्रमाणात दुसऱ्या खात्यावर चालते.

कारण साधे आहे. नेहमीच्या शिबिरात एक तरुण मार्गदर्शक आठ-दहा मुले सांभाळतो. इथे काही मुलांना प्रत्येकी एक माणूस लागतो, जो त्याला भरवतो, न्हाऊ घालतो, रात्री कूस बदलून देतो. शिवाय परिचारिका चोवीस तास हवी. समजा, आपल्या शिबिरात उन्हाळ्याचे आठ आठवडे दर आठवड्याला ६० जण येतात आणि एका व्यक्तीच्या आठवड्याचा खर्च २,००० डॉलर आहे. वर्षाचा खर्च ९ लाख ६० हजार डॉलर होतो, म्हणजे कर्जाच्या वार्षिक हप्त्यापेक्षा जास्त. मतदारांना ज्या ८ लाख ८३ हजारांबद्दल विचारले, त्याहून मोठी रक्कम प्रत्येक उन्हाळ्यात कुठून तरी यावी लागेल, आणि तिच्याबद्दल त्या ७५ शब्दांत एक अक्षर नसते. या प्रश्नातली खरी मेख मला इथे दिसते.

ती किती खरी आहे हे कँप जेनेडच्या इतिहासात दिसते. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांत, हंटर गावाजवळ, दिव्यांगांसाठीचे हे शिबिर १९५१ मध्ये सुरू झाले. तिथे आलेल्या मुलांपैकी अनेकांना पहिल्यांदाच असे ठिकाण मिळाले जिथे आपले शरीर हा चर्चेचा विषय नव्हता. जूडी ह्यूमन तिथे लहानपणी शिबिरार्थी होत्या आणि पुढे मार्गदर्शक. एप्रिल १९७७ मध्ये दिव्यांगांना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या १९७३ च्या कायद्यातील कलम ५०४ चे नियम लागू व्हावेत म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात दिव्यांग आंदोलकांनी जवळजवळ महिनाभर ठिय्या दिला, त्यात त्या आघाडीवर होत्या आणि जेनेडचे इतरही काही जण होते. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. आणि त्याच वर्षी, १९७७ मध्ये, पैशांअभावी कँप जेनेड बंद पडले. ज्या चळवळीतून पुढे १९९० चा दिव्यांग हक्क कायदा आला, तिचे एक बीज ज्या जागेत रुजले, ती जागा स्वतःचा रोजचा खर्च काढू शकली नाही. १९८० मध्ये दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या संस्थेच्या आधाराने ते नाव पुन्हा उभे राहिले, आणि २००९ मध्ये तेही बंद झाले.

रोजचा खर्च कुठून आणतात, याची उत्तरे राज्यागणिक वेगळी आहेत. ओहायोत प्रत्येक कौंटीत बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंडळ असते आणि त्याच्या सेवांसाठी मालमत्ता करातून ठरावीक पट्टी लावायची का, हे मतदार ठरवतात. ही पट्टी कर्ज नसते. पैसा येतो तसा खर्च होतो, त्यामुळे त्यातून पगार देता येतात. मात्र बऱ्याच पट्ट्यांची मुदत ठरावीक असते आणि ती संपली की पुन्हा मतदारांच्या दारात जावे लागते. काही राज्यांत मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि दिव्यांग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, घरगुती सेवांच्या योजनेतून, पालकांना काही दिवस विसावा मिळावा या सदराखाली, शिबिराच्या आठवड्याचा खर्च अंशतः निघतो. बाकीचे देणग्या, पालकांचे शुल्क आणि उन्हाळ्यात कमी पगारावर येणारे महाविद्यालयीन विद्यार्थी यांवर भागवतात. म्हणून शिबिराच्या कर्जाचा प्रस्ताव समोर आला की त्याच्यासोबत चालवण्याच्या खर्चाची लेखी तजवीज आहे काय, हे मी आधी पाहीन आणि इमारतीची रंगीत चित्रे नंतर.

शिबिर कोणाच्या नावावर?

सरकारने बांधायचे आणि सेवाभावी संस्थेने चालवायचे, ही जोडी सोयीची दिसते, कारण संस्थेकडे अनुभव असतो आणि सरकारकडे जमीन. पण करमाफ व्याजाच्या रोख्यांना इथे एक अट आडवी येते. सरकारी कामासाठी काढलेल्या अशा रोख्यांतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेचा साधारण १० टक्क्यांहून अधिक वापर खासगी पक्षाकडे गेला आणि परतफेडीचा पैसाही त्याच पक्षाशी बांधलेला असला, तर व्याजाची करमाफी धोक्यात येते. आणि या नियमापुरती सेवाभावी संस्थाही खासगी पक्षच धरली जाते. त्यामुळे संस्थेशी केलेला करार किती वर्षांचा, मोबदला कसा ठरवला, फायदा-तोटा कोणाचा, हे वकील ओळ न् ओळ तपासतात. एवढी काटछाट होऊन आलेला करार पुस्तिकेत एका वाक्यात उरकलेला असतो.

दुसराही एक मार्ग आहे, आणि दोन्हींना ‘बॉण्ड’च म्हणत असल्यामुळे लोक फसतात. सेवाभावी संस्था सरकारी प्राधिकरणाच्या नावाने करमाफ रोखे काढू शकते. त्यांची परतफेड संस्था करते, करदाता नाही. १९८२ पासून त्यासाठी जाहीर सुनावणी आणि निवडून आलेल्या अधिकाऱ्याची किंवा सभेची मान्यता लागते, पण सर्वसाधारणपणे जनतेचे मतदान लागत नाही. तेव्हा वर्तमानपत्रात ‘शिबिरासाठी रोखे’ असे वाचले की पहिली चौकशी ही करावी: हप्ता माझ्या घरपट्टीतून जाणार की संस्थेच्या देणगीपेटीतून?

‘नाही’ म्हणणारे सगळे निष्ठुर नसतात

विरोधकांत कराला कंटाळलेले असतात, निवृत्तिवेतनावर जगणारे असतात, आणि दोन-तृतीयांशची अट त्यांना मोठे बळ देते. पण सर्वांत विचार करायला लावणारा विरोध मला दिव्यांगांच्या चळवळीतूनच आलेला वाटतो. त्यांचे म्हणणे असे की वेगळे शिबिर बांधण्यापेक्षा आहेत ती सगळी शिबिरे सर्वांना येता येईल अशी करा. १९९० चा कायदा नेहमीच्या शिबिरांनाही वाजवी फेरबदल करायला सांगतो, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ओल्मस्टेड’ खटल्यात, विनाकारण वेगळे ठेवणे हाही भेदभावच आहे असे म्हटले. मग १ कोटी २० लाख डॉलर एका कुंपणाच्या आत घालण्याऐवजी कौंटीच्या दहा उद्यानांतली न्हाणीघरे दुरुस्त केली तर?

याला उत्तर आहे, आणि तेही त्याच चळवळीतून आलेले आहे. जेनेडला गेलेल्या लोकांनी पुढे वारंवार सांगितले की तिथे आपल्यासारख्यांच्या सहवासात राहूनच त्यांना बाहेरच्या जगाकडे हक्क मागण्याचे बळ आले. वर्षातले पन्नास आठवडे वर्गात एकटेच चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला एक-दोन आठवडे बहुसंख्य असण्याचा अनुभव मिळणे, ही वेगळे पाडण्याची गोष्ट नाही. मला दोन्ही बाजू पटतात. माझा कल अशा शिबिराकडे आहे जे उन्हाळ्याचे आठ आठवडे दिव्यांगांचे असेल आणि उरलेले वर्ष सर्व शाळांसाठी उघडे राहील, म्हणजे ते रॅम्प आणि ती न्हाणीघरे बाकीच्या मुलांच्याही सवयीची होतील आणि भाड्यातून महसुली खर्चाला थोडा हातभारही लागेल. मात्र हे भाडे घेणारे कोण आहेत, हे पुन्हा त्या १० टक्क्यांच्या नियमाशी जुळवून घ्यावे लागेल.

आणि मतदान जिंकले, तरी दुसऱ्या दिवशी शिबिर सुरू होत नाही. पतमापन संस्था कौंटीला श्रेणी देतात, रोखे विकले जातात, आराखडे, पर्यावरणाचे अहवाल, निविदा. करमाफ रोखे काढताना पैशांपैकी ८५ टक्के रक्कम तीन वर्षांत खर्च होईल अशी रास्त अपेक्षा असावी लागते, यावरून या कामांचा वेग ध्यानात यावा. कौंटीचा कर विभाग मात्र थांबत नाही. रोखे विकल्यानंतरच्या शरद ऋतूत येणाऱ्या मालमत्ता कराच्या बिलावर, शाळेच्या आणि उद्यानांच्या जुन्या कर्जांखाली, शिबिराच्या नावाची एक नवी ओळ छापून येते. त्या वेळी उद्यानात बहुधा लाकडी खुंट्या आणि त्यांना बांधलेल्या रंगीत फिती एवढेच असते, आणि मतदानाच्या वर्षी पंधरा वर्षांची असलेली मुलगी पहिल्या उन्हाळ्यात तिथे पोहोचेल तेव्हा प्रौढांच्या गटात असेल.